राक्षसाचं मरण आधी ठरवा

दसरा झाला की गोव्यात वाड्यावाड्यावर नरकासुराचा सांगाडा उभा राहू लागतो. बांबू, सुकं गवत, रद्दी, बाजारातून आणलेला नाहीतर घरीच केलेला मुखवटा. चतुर्दशीच्या पहाटे, उजाडायच्या आत, तो जळतो. मग पायाखाली कारीट फुटतं, अभ्यंगस्नान होतं आणि ताटात फोव येतात. हे कसब ज्यांच्या हातात आहे त्यांनी शाळेच्या संमेलनासाठी किंवा एकांकिकेसाठी ग्रीक राक्षस करायला घेतला, तर बांधणीत त्यांचं काही अडत नाही. अडतं ते गोष्टीत. मेड्यूसा असो, हायड्रा असो की मिनोटॉर, सगळ्यांना नरकासुराचाच जबडा लागतो, तेच वटारलेले डोळे, तेच सुळे. शेवटी नायक येतो, तलवार खुपसतो आणि राक्षस आडवा होतो.

ग्रीक पुराणातले मोठे राक्षस असे मरत नाहीत. प्रत्येकाच्या मरणाला एक अट आहे आणि त्या अटीतूनच त्याचं शरीर घडलेलं आहे. म्हणून रद्दी भिजत घालण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: हा मरतो कशाने? ते ठरलं की मुखवट्याची घडण, अंगाचा आकार, सांधे कुठे हवेत, नायकाच्या हातात काय हवं, सगळं आपोआप ठरत जातं.

हे आपल्याला परकं नाही. नरकासुर हा भूमीचा मुलगा. कृष्ण सत्यभामेला घेऊन गरुडावरून प्राग्ज्योतिषपुरावर चालून जातो, आधी पाच तोंडांच्या मुर राक्षसाला मारतो, त्यावरून मुरारी, आणि मग नरकाला. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत नरकाला वर आहे की आईच्याच हातून मरण येईल, आणि सत्यभामा ही भूमीचाच अवतार. म्हणजे सत्यभामा कृष्णाशेजारी नुसती शोभेला बसवली तर कथेचा कणाच मोडतो.

ग्रीकांकडे असाच एक भूमिपुत्र आहे, अँटिअस. आई गाया म्हणजे पृथ्वी, बाप समुद्राचा देव पोसायडन. लिबियात राहायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला कुस्तीला बोलवायचा आणि हरलेल्यांच्या कवट्यांनी बापाच्या देवळाचं छप्पर शाकारायचा. जमिनीला अंग लागलं की त्याची ताकद वाढायची. आपल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावली की डाव संपतो. इथे पाठ लागली की तो दुप्पट होऊन उठतो. ग्रीकांचा महाबली वीर हेराक्लीस, त्याने त्याला उचललं, जमिनीपासून सुटा केला आणि हवेतच आवळून मारला.

रंगमंचावर हे दाखवायला मुखवटासुद्धा लागत नाही. दोन धडधाकट पोरं आणि थोडी तांबडी माती पुरे. अँटिअसच्या तळव्यांना आणि घोट्यांपर्यंत तांबड्या मातीचा रंग द्या. पहिल्या दोनदा हेराक्लीस त्याला पाडतो, आणि दोन्ही वेळा तो पडल्यापेक्षा जास्त वेगाने उठतो. तिसऱ्यांदा पाठीमागून बरगड्यांखाली हात घालून उचलायचं. उचलला जाणाऱ्याने उचलणाऱ्याची मनगटं घट्ट धरायची, गुडघे किंचित वाकवायचे आणि तळवे प्रेक्षकांकडे वळवायचे. माती लागलेले दोन तळवे हवेत दिसले की गोष्ट कळते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे धिप्पाड मुलाला अँटिअस करणं. त्याचं वजन हेराक्लीसच्या मुलाच्या वजनापेक्षा पाच-दहा किलो कमीच हवं. धिप्पाडपणा कपड्यांनी आणि आवाजाने आणता येतो. दुसरी चूक: मेल्यावर त्याला धाडकन खाली टाकणं. खाली टाकला तर तो परत उठेल, कथा तेच सांगतेय. मान कलंडली, हात सैल पडले, आणि उचललेलाच तो विंगेत नेला, की झालं.

आता मुखवट्यांकडे. यातले बरेचसे राक्षस एकाच घरातले आहेत, आणि ते घर माहीत असलं की रंगसंगती ठरवायला सोपं जातं. इ.स.पू. 700च्या सुमाराचा कवी हेसिअड त्यांची वंशावळ देतो. टायफन हा गाया आणि टार्टारस यांचा मुलगा, खांद्यांतून सापांची शंभर मुंडकी निघालेला. त्याची जोडीदार एकिड्ना, वरचं अर्धं अंग देखण्या स्त्रीचं आणि खालचं सापाचं. त्यांची पोरं म्हणजे गुरं राखणारा कुत्रा ऑर्थस, पाताळाच्या दाराशी बसलेला केर्बेरस आणि लेर्नाच्या दलदलीतली हायड्रा. शिमेरा, स्फिंक्स आणि नेमियाचा सिंह ही याच गोतावळ्यातली. म्हणून यांच्यात कुठे ना कुठे साप दिसला पाहिजे. केर्बेरसला हेसिअड पन्नास डोकी देतो, नंतरच्या चित्रांत आणि कथांत तीन रूढ झाली. तीनच करा.

या सगळ्यांत बांधायला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात फळ देणारी हायड्रा. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रंथात तिला नऊ डोकी आहेत: आठ मर्त्य, मधलं अमर. एक ठेचलं की त्या जागी दोन येतात. रक्तबीज आठवला असेल तर बरोबरच आठवला. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज, म्हणून कालीने रक्त वरच्या वर प्यायलं. हायड्राच्या बाबतीत उपाय आगीचा आहे. हेराक्लीसचा पुतण्या आयोलाउस जवळचं रान पेटवतो, जळकी लाकडं आणतो आणि कापलेल्या मानेला लगेच डाग देतो, म्हणजे नवी फुटत नाहीत. मधलं अमर डोकं तोडून पुरतात आणि वर जड शिळा ठेवतात. हेरा देवीने पाठवलेला एक खेकडा मध्येच येऊन हेराक्लीसचा पाय धरतो. आपल्याकडे खेकडा आणायला लांब जायला नको, आणि मुलांना तो भाग फार आवडतो, गाळू नका.

म्हणजे हायड्राला चार गोष्टी करता आल्या पाहिजेत: डोकं तुटणं, दोन उगवणं, डाग बसणं आणि एक डोकं तुटूनही जिवंत राहणं. यांतली एकही नरकासुराच्या एकसंध सांगाड्यात बसत नाही, म्हणून माना वेगळ्या कराव्या लागतात.

मानेसाठी बांबूच्या पातळ कामट्यांची वळी करा. तळाचं वळं आठ इंच व्यासाचं, वरचं चार इंचांचं, मधली उतरत्या क्रमाने, दर सहा इंचांवर एक. तीन सुतळ्या समान अंतरावर सोडून सगळी वळी त्यांना बांधा. दोन सुतळ्यांवर बांधली तर मान एकाच बाजूला झुकते आणि पिळवटते. तीनवर ती सगळीकडे वळते. वरून जुन्या साडीचं किंवा गोणपाटाचं अस्तर. मधली मान चार फूट, बाकीच्या अडीच ते तीन. धड म्हणजे एक झाकलेली चौकट, आत दोन माणसं बसतील एवढी. नऊच्या नऊ माना हलवायला जाऊ नका. मधली आणि पुढच्या दोन आतल्या माणसांच्या हातात, उरलेल्या सहा काथ्याच्या दोरीने एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे एक हलली की सगळ्या डुलतात.

डोकी कागदाची. चवथीची उरलेली चिकणमाती असेल तर तिचा साचा करा. साच्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ न लावता, म्हणजे शेवटी तो सुटतो. मग खळ लावलेले थर. खळीला एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओतायचा आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. काहीजण किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांचे हात लागणार असतील तर अजिबात नको. त्यापेक्षा रोज ताजी खळ शिजवा, शिळी आंबते. कागद कात्रीने न कापता दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या. फाटलेली कड एकमेकीत मिसळते, कापलेली कड रंगानंतरही रेघ होऊन दिसते. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा कोऱ्या कागदाचा, असे आलटून पालटून लावले की कुठे थर सुटला ते लगेच कळतं. सहा थर पुरतात.

आपल्याकडे काम बिघडतं ते इथे. ऑक्टोबरात दुपारनंतर ढग दाटतात, हवा ओली असते, आणि घाईने पाच-सहा थर एका दमात लावले जातात. वरचा कागद कडक होतो, आतला ओलाच राहतो, आणि तीन-चार दिवसांत आतून बुरशीचा वास येऊ लागतो. एका वेळी दोनच थर, मग पूर्ण वाळू द्यायचं. वाळलं की नाही ते बोटाने कळत नाही. गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे. वाळण्याआधी ऑइलपेंट मारला तर ते पाणी कायमचं कोंडतं आणि जबडा मऊ पडतो. चॉक पावडर आणि फेव्हिकॉल पाण्यात कालवून अस्तराचा हात द्या, तो सुकला की पोस्टर कलर. एक डोकं अर्ध्या किलोच्या आत राहिलं पाहिजे, नाहीतर मान पुढे लोंबते आणि हायड्रा झोपलेली दिसते. प्लास्टर ऑफ पॅरिसचं नावच काढू नका.

डोकं तुटण्यासाठी मानेच्या टोकाला सव्वा इंचाच्या पाइपचा वीतभर तुकडा, डोक्याच्या बुडाला एक इंचाचा, आणि दोन्हींतून आरपार जाणारी एक खुंटी, जिची दोरी आतल्या माणसाकडे. वार झाला की तो दोरी ओढतो आणि डोकं गळतं. तलवारीचा धक्का लागून डोकं पडेल असं कधीही ठेवू नका. पोरं जोशात खरंच मारतात. दोन नवी डोकी कापडाची, आत कापूस भरलेली, वेताच्या काठीवर बसवलेली आणि त्याच मानेत खाली दडवलेली. पोकळ वळ्यांचा हाच फायदा. ती वर ढकलायची. हे एकदाच, फार तर दोनदा. आठही माना तशा केल्यात तर तिसऱ्या वेळी प्रेक्षकांना युक्ती कळलेली असते.

डाग देण्यासाठी खरी आग नको. आत माणूस, बाहेर सुका कागद, वर सुतळी. मशालीच्या टोकाला नारिंगी कागदात गुंडाळलेला बॅटरीचा दिवा आणि मानेच्या टोकावर काळ्या कापडाची टोपी. आयोलाउसने मशाल टेकवायची आणि दुसऱ्या हाताने टोपी ओढून बसवायची. प्रेक्षकांना तुटलेली लाल मान आणि काळी पडलेली मान यांतला फरक दुरून दिसला पाहिजे, म्हणून तुटीचा भाग आधीच गडद लाल रंगवा.

मेड्यूसाचं तंत्र उलट आहे. तिथे बांधणी थोडी आणि सगळी गोष्ट नजरेची. गॉर्गन तीन बहिणी: स्थेनो, युरायली आणि मेड्यूसा. पहिल्या दोघी अमर, मेड्यूसा एकटीच मर्त्य, म्हणून तिचं मुंडकं आणायला निघालेला वीर पर्सियस तिच्यामागे जातो. तिच्या तोंडाकडे पाहणारा दगड होतो. जुन्या ग्रीक शिल्पात ती सुंदर वगैरे नाही. कोर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळावर, इ.स.पू. 580च्या सुमाराला, ती आहे ती रुंद तोंडाची, जीभ बाहेर, कमरेला सापांचा पट्टा, थेट समोर पाहणारी. तिच्या दोन्ही बाजूंना तिचीच लेकरं, पंखांचा घोडा पेगसस आणि क्रिसेऑर, जी खरं तर मान तुटल्यावर तिच्या धडातून निघाली. देवाच्या प्रभावळीवरचं कीर्तिमुख ज्याने रोज पाहिलंय त्याला हे तोंड ओळखीचं वाटेल. कामही तेच: वाईटाला उंबऱ्याबाहेर थांबवणं. मुखवटा कीर्तिमुखाच्या घडणीचाच करा. अथीना देवीच्या शापाने सुंदर केसांचे साप झाले ही कथा रोमन कवी ओव्हिडची, इ.स. 8च्या आसपासची. ती सांगायची तर जरूर सांगा, पण मग मुखवटा माणसाचा हवा. दोन्ही एकत्र केलं की पात्र कुठलंच राहत नाही.

पर्सियसजवळ पाच वस्तू हव्यात आणि त्यांतली एकही शोभेची नाही. पंखांच्या वहाणा, पाताळाचा देव हेडीस याची अदृश्य करणारी टोपी, हार्पे नावाचं कोयत्यासारखं वाकडं हत्यार, चकचकीत ढाल आणि किबिसिस नावाची पिशवी. सरळ तलवार देऊ नका. आपला माडाचा कोयता पाहिला तर आकार लगेच कळेल, तो पुठ्ठ्यात कापा. ढालीसाठी घरातली स्टीलची परात उत्तम, मागे दोन पट्टे लावून. ती प्रेक्षकांकडे सरळ धरली तर दिव्याचा झोत पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जातो. म्हणून थोडी जमिनीकडे कलती. पर्सियसने परातीत बघत, मेड्यूसाकडे पाठ करून मागे मागे यायचं. हा सराव भरपूर लागतो. तो एकदा जरी मान वळवून थेट पाहील तर गोष्ट तिथेच संपली.

आणि पिशवी. मुंडकं तुटल्यावरही त्याची नजर मरत नाही, म्हणून तर पिशवी. पुढे त्याच मुंडक्याने सेरिफॉसचा राजा पॉलिडेक्टीस दगड होतो. तेव्हा विजयाच्या भरात नायक मुंडकं उंचावून स्वतः त्याच्याकडे बघतोय, हे दृश्य चुकीचं आहे. हात लांब, मुंडक्याचं तोंड दुसरीकडे, डोळे खाली.

बाकीच्यांचं थोडक्यात. नेमियाच्या सिंहाच्या कातड्यात शस्त्र शिरत नाही. गुहेला दोन तोंडं, एक बुजवून हेराक्लीस दुसऱ्यातून आत जातो आणि गळा आवळून मारतो. सोलतो ते सिंहाच्याच नखांनी. त्यामुळे सिंहाची नखं मोठी, वेगळी दिसणारी करा आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रवेशात हेराक्लीसच्या अंगावर ते कातडं ठेवा. टेलॉस हा क्रीट बेटाचा ब्राँझचा राखणदार, दिवसातून तीनदा बेटाला फेरी घालणारा. मानेपासून घोट्यापर्यंत एकच शीर आणि तिच्या टोकाला खिळा. मीडिया नावाच्या जादूगारणीने खिळा उपटला, सगळं वाहून गेलं. सोनेरी रंगाचा मुलगा, घोट्याजवळ ठळक खिळा आणि त्याला जोडलेली लाल फीत, एवढंच. शिमेरा पुढून सिंह, मागून साप, मध्ये बकरी. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातला तिचा प्रसिद्ध ब्राँझ पुतळा 1553मध्ये अरेझ्झोला सापडला, पण शेपटीचा साप अठराव्या शतकात नव्याने जोडलेला आहे. साप बकरीचं शिंग चावतोय ही कल्पना त्या जोडकामाची. चित्र बघून बांधणाऱ्यांनी साप बाहेरच्या बाजूला, शत्रूवर फणा काढलेला करावा.

सायरन मासे नव्हेत, स्त्रीचं तोंड असलेले पक्षी. ग्रीक स्फिंक्स स्त्री आहे आणि तिला पंख आहेत. मिनोटॉरचं नाव ॲस्टेरियन, आणि बैलाचं फक्त डोकं.

एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस मात्र मरतच नाही, आणि त्याला मारून दाखवणं ही सगळ्यात मोठी चूक. आपल्या माणसांसह त्याच्या गुहेत अडकलेला वीर ओडिसियस त्याला झोपेत मारू शकला असता. पण गुहेच्या तोंडावरची शिळा हलवायची ताकद फक्त त्या राक्षसात. मेला तर सगळे आत कुजून मरतील. म्हणून दारू पाजून, ऑलिव्हच्या दांडक्याचं टोक तापवून एकुलता एक डोळा फोडला, सकाळी शिळा त्यानेच सरकवली आणि माणसं मेंढरांच्या पोटाखाली लपून निसटली. तेव्हा आधी गुहेची शिळा बांधा, मग राक्षस. ती प्रेक्षकांना सुरुवातीलाच दिसली पाहिजे आणि ओडिसियसच्या माणसांनी ती ढकलून पाहून हरलं पाहिजे.

देवांच्या हातातल्या वस्तूंत दोन घोळ हमखास होतात. हर्मीसच्या दंडाला दोन साप; वैद्यांचा देव अस्क्लीपिअस याच्या काठीला एकच. पोसायडनचा त्रिशूळ शंकराच्या त्रिशुळासारखा बाकदार पात्यांचा करू नका. तो मासे टोचायच्या हत्याराचा भाऊ आहे, सरळ दाते, टोकांना अणकुची. झ्यूसची वीज मात्र दोन्ही टोकांना फुललेली, आपल्या वज्राच्या अगदी जवळची, ती मोकळेपणाने तशीच घ्या. नावांत ग्रीक नि रोमन यांची सरमिसळ टाळा: झ्यूस असेल तर हेराक्लीस, ज्युपिटर असेल तर हर्क्युलिस. हेराक्लीस म्हणजे हेराची कीर्ती, आणि हेराच त्याच्या जिवावर उठलेली. हर्क्युलिस म्हटलं की हा अर्थ कानावरून निसटतो.

पुन्हा हायड्राकडे, कारण तिचं नववं डोकं अजून बाकी आहे. शिळेसाठी खरा चिरा आणू नका, मंचावर ती उचलताना बोटं चेंगरतात. पुठ्ठ्याचं खोकं, वर कागदाचे दोन थर, तांबूस तपकिरी रंग आणि काडीने पाडलेली भोकं, चिरा हुबेहूब दिसतो. डोकं त्याखाली गेल्यावर चिरा एकदा हळूच हलला पाहिजे, आत एक पोर बसवून. डोकं अमर आहे हे सांगायला दुसरं वाक्य लागत नाही. हेराक्लीसला एकेक अवघड काम नेमून देणारा युरिस्थिअस राजा हे काम मोजायला नकार देतो, आयोलाउसने मदत केली म्हणून; तो संवाद तिथेच घ्या, चिऱ्याजवळ.

आणि हेराक्लीस जाण्याआधी हायड्राच्या विषात बाण बुडवतो. हे विसरू नका. त्याच बाणाने तो पुढे नेसस या अश्वमानवाला मारतो, मरताना नेसस आपलं विषारी रक्त हेराक्लीसच्या बायकोला, डेयनायराला, वशीकरण म्हणून देतो, आणि वर्षांनंतर तिने त्याच रक्तात माखलेला अंगरखा घालून हेराक्लीस जळतो. म्हणून बाणांच्या टोकांना हायड्राच्या अंगाचाच हिरवा रंग लावा, त्याच डबीतला, आणि तोच हिरवा शेवटच्या अंगरख्याच्या आतल्या बाजूला.